बागेतली रेल्वे: जगभरच्या हौशी मंडळींत कसं सामील व्हावं

बागेतल्या रेल्वेच्या, म्हणजे घरच्या बागेत रूळ टाकून त्यावर मॉडेल गाड्या चालवण्याच्या छंदाला सुरुवात करणारे बहुतेक जण एकच क्रम मनात धरून बसतात. आधी रूळ टाकू, गाडी चालवू, बाग जरा बघण्यासारखी झाली की मग इतरांना भेटू. हा क्रम उलटा करा, असं मी मनापासून सांगेन. पाया भरून टाकलेला रूळ नंतर उखडणं जिवावर येतं. रूळ कोणता घ्यायचा, वळण किती मोठं ठेवायचं, गाडी विजेवर चालवायची की वाफेवर, हे तोवर ठरून गेलेलं असतं. वर्षानुवर्षं उन्हापावसात गाड्या चालवणाऱ्यांकडे या प्रश्नांची उत्तरं तयार असतात आणि ती ते हातचं राखून न ठेवता देतात. ही मंडळी ब्रिटन, जर्मनी, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा कितीतरी देशांत आहेत. त्यांच्यात जायला स्वतःची बाग लागत नाही, इंजिनही लागत नाही.

१. गेज आणि स्केल यांतला फरक पक्का करा

दोन रुळांमधलं अंतर म्हणजे गेज. खऱ्या गाडीच्या मानाने मॉडेल किती लहान आहे, ते सांगतं स्केल. बागेतल्या रेल्वेत सगळ्यात जास्त चालणारं गेज ४५ मिमी आहे, पण त्यावर धावणाऱ्या गाड्यांचं स्केल एकच नसतं. जर्मनीतल्या न्यूर्नबर्गच्या लेमान कंपनीने १९६८ साली एलजीबी ही गाडी बाजारात आणली, तेव्हा समोर मीटरगेज धरून १:२२.५ हे प्रमाण घेतलं. १००० मिमीला २२.५ने भागलं की साधारण ४४.४ येतात, म्हणून ४५ मिमीचा रूळ. (एलजीबी २००७पासून मेर्कलिन कंपनीकडे आहे.) १४३५ मिमीच्या स्टँडर्ड गेजची गाडी त्याच रुळावर आणायची तर १:३२ घ्यावं लागतं. त्याला गेज वन म्हणतात. अमेरिकेतल्या तीन फुटी नॅरोगेजसाठी १:२०.३ वापरतात. याशिवाय ३२ मिमीचा रूळ आहे. त्यावर दोन फुटी नॅरोगेजच्या गाड्या धावतात, आणि एका फुटाला १६ मिमी असं प्रमाण असल्यामुळे ब्रिटनमध्ये या शाखेला ‘सिक्स्टीन मिल’ असंच म्हणतात.

कागदावर हे आकडे कोरडे वाटतात, पण इंजिनाच्या केबिनमध्ये ड्रायव्हरचा पुतळा उभा केला की फरक डोळ्यांत भरतो. पावणेदोन मीटर उंचीचा माणूस १:३२मध्ये साडेपाच सेंटीमीटर होतो आणि १:२०.३मध्ये साडेआठच्या पुढे जातो. दोघांच्या गाड्या एकाच रुळावर धावतील, पण शेजारी उभ्या केल्या तर एक राक्षस आणि एक बालक दिसेल. काहींना हे खुपतं, काही त्याकडे लक्षही देत नाहीत. तुम्हाला खुपतं का, हे खर्च करण्यापूर्वी कळलं पाहिजे. त्यासाठी निरनिराळ्या स्केलच्या गाड्या प्रत्यक्ष बघाव्या लागतात.

२. एकच संस्था निवडा आणि तिचे सभासद व्हा

गेज वनसाठी १९४७ साली स्थापन झालेली ‘गेज वन मॉडेल रेल्वे असोसिएशन’ आहे. नॅरोगेज आणि वाफेची ओढ असेल तर ‘असोसिएशन ऑफ सिक्स्टीन मिलिमीटर नॅरोगेज मॉडेलर्स’, आणि एलजीबीच्या धाटणीच्या गाड्यांसाठी ‘जी स्केल सोसायटी’. तिन्ही मुळात ब्रिटनच्या. इतर देशांतही अशा संस्था आणि क्लब आहेत. तुमच्या पसंतीच्या शाखेची संस्था आधी शोधा, देश नंतर बघा.

पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्या. परदेशी सभासदाला नियतकालिक टपालाने येतं की डिजिटल मिळतं? बागा पाहायला बोलावणाऱ्या सभासदांची यादी मिळते का? जवळपास एखादा गट किंवा एखादा सभासद आहे का? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. शंभर मैलांवर का असेना, एक माणूस मिळाला तरी सुरुवात झाली.

३. पहिल्या पत्रात ओळख द्या, प्रश्न नेमका विचारा

परदेशातल्या अनोळखी माणसाला लिहिताना मोजमापं मिलिमीटरमध्ये द्या. अमेरिकन मंडळींसाठी सोबत इंचही लिहा. नुसतं ‘जी स्केल’ लिहू नका. त्या नावाखाली चार-पाच प्रमाणं खपतात. गेज आणि स्केल दोन्ही आकड्यांत लिहा. विजेचा प्रश्न असेल तर तुमच्याकडचा व्होल्टेज आधी सांगा, कारण काही देशांत घरातली वीज १२० व्होल्टची असते तर काहींत २३० व्होल्टची, आणि एकीकडचा ट्रान्सफॉर्मर दुसरीकडे चालेलच असं नाही. रोपांबद्दल विचारायचं तर शास्त्रीय नाव द्या. रुळाच्या कडेला पसरणारं बुटकं थाईम किंवा झाडाचं काम करणारा ठेंगणा स्प्रूस यांची रोजची नावं देशागणिक बदलतात. थायमस सर्पायलम मात्र सगळीकडे थायमस सर्पायलमच असतं.

‘माझी गाडी सारखी घसरते, काय करू?’ या प्रश्नाला कोणीही नीट उत्तर देऊ शकत नाही. लिहिण्याआधी जागेवर जाऊन बघा. घसरणारा डबा एकटाच घ्या आणि हाताने अगदी सावकाश ढकला. कोणतं चाक, कोणत्या सांध्यापाशी, कोणत्या बाजूने रुळावर चढतं ते टिपून ठेवा. त्या ठिकाणी दोन्ही रुळांवर आडवी पाणपातळी ठेवा आणि दर हातभर अंतरावर पुन्हा ठेवत जा. बुडबुडा एकीकडून झटकन दुसरीकडे गेला तर रूळ पिळलेला आहे. रूळ सपाट निघाला तर आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजा. वळणाची त्रिज्या, हे अंतर आणि दोन फोटो एवढं पाठवलंत की समोरचा माणूस हजारो किलोमीटरवरून अचूक निदान करतो. अशा प्रश्नकर्त्याला ही मंडळी लक्षात ठेवतात.

४. पाहुणे म्हणून जा

खरी ओळख बागेतच होते. अमेरिकेत नॅशनल गार्डन रेल्वे कन्व्हेन्शन वेगवेगळ्या शहरांत भरतं आणि त्यात तिथल्या बागांच्या सहली असतात. वाफेच्या छोट्या इंजिनांसाठी मिसिसिपीतल्या डायमंडहेडचा जानेवारीतला मेळावा वर्षानुवर्षं नावाजलेला आहे. पण प्रवासात सवड असेल तर एखाद्या सभासदाच्या घरच्या बागेला आवर्जून जा. काही दिवस आधी कळवा आणि वेळ पाळा.

आपलं इंजिन घेऊन जाणार असाल तर एक गोष्ट आधी विचाराच: रुळांत करंट असतो का? विजेच्या बागेत दोन रूळ म्हणजे विजेची दोन टोकं. वाफेच्या बऱ्याच इंजिनांची चाकं आणि आस दोन्ही धातूचे असतात, मध्ये इन्सुलेशन नसतं. असं इंजिन रुळावर ठेवताक्षणी दोन्ही टोकं जोडली जातात आणि शॉर्ट सर्किट होतं. दुसरी अडचण तेलाची. सिलिंडरला वंगण मिळावं म्हणून वाफेत तेल मिसळलेलं असतं. ते धुराड्यातून उडून रुळावर पातळ थर धरतं, आणि त्यानंतर विजेच्या गाड्या अडखळत चालतात. म्हणून विजेच्या गाड्या आधी आणि वाफेच्या नंतर, असा क्रम ठेवणं शहाणपणाचं. अंतिम शब्द यजमानाचा. बॅटरीवर चालणाऱ्या गाडीला यातलं काहीच आड येत नाही, म्हणून पाहुण्यासाठी ती सर्वांत सोयीची.

वाफेच्या इंजिनात इंधन म्हणून ब्यूटेन गॅस भरताना टाकीपाशी थोडा गॅस बाहेर फुसफुसतो. आसपास पेटलेलं इंजिन किंवा सिगारेट असेल तर भरू नका. बॉयलरचं चाचणी प्रमाणपत्र लागेल का, तेही विचारून ठेवा. विमानात गॅसचा डबा हातातल्या सामानातही चालत नाही आणि चेक-इन सामानातही नाही. सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्याच सामानात ठेवाव्या लागतात. यजमानासाठी भेट म्हणून रोप नेऊ नका. सीमेवर वनस्पतींची तपासणी आणि प्रमाणपत्रं असतात. तुमच्या भागातल्या रेल्वेचे छापील फोटो न्या.

५. आपल्याकडचं काही द्या

नवख्या माणसाकडे देण्यासारखं काय असणार, असं वाटेल. खूप असतं. मॉडेल करणाऱ्यांना खऱ्या गाड्यांची मोजमापं हवी असतात आणि ती सहजी मिळत नाहीत. वेल्समधली फेस्टिनिऑग किंवा स्वित्झर्लंडची मीटरगेजवरची रेशियन रेल्वे यांच्याबद्दल ढिगाने माहिती मिळते. तुमच्या जवळच्या, फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या स्टेशनबद्दल कोणीच लिहिलेलं नसतं. टेप घेऊन फलाटाची उंची, सिग्नलच्या खांबाची जाडी, पत्र्याच्या छपराचा उतार मोजा. मोजपट्टी शेजारी धरून फोटो काढा. मात्र रेल्वेच्या जागेत शिरण्यापूर्वी परवानगी घ्या. असा एक नीट तपशील पाठवला की उलट टपाली प्रश्न येतात आणि ओळख पक्की होते.

६. मग आपला रूळ टाका

आता टाकताना पाहुण्यांची गाडी डोळ्यांसमोर ठेवा. एलजीबीच्या सर्वांत लहान वळणाची त्रिज्या ६० सेंटीमीटर असते. त्याच्या बारा तुकड्यांत पूर्ण वर्तुळ होतं. जागा वाचते, पण मोठी इंजिनं तिथून जात नाहीत. जमेल तितकं मोठं वळण घ्या, निदान एका मुख्य वेढ्यापुरतं तरी. चढ शंभरात दोनच्या आत ठेवा. पितळेचा दहा मीटर रूळ ४० अंशांच्या फरकाने जवळजवळ आठ मिमी वाढतो, म्हणून सांध्यांत फट सोडा आणि रूळ पायाला घट्ट जखडू नका. बोगद्याची आणि पुलाची रुंदी-उंची आपल्या नव्हे, १:२०.३च्या गाडीवरून ठरवा.

काम झालं की एका कागदावर लिहून ठेवा: गेज, सर्वांत लहान वळण, सर्वांत तीव्र चढ, बोगद्याची उंची, रुळांत करंट आहे की नाही, डबे कोणत्या कपलिंगने जोडता. तो कागद येणाऱ्या पाहुण्याला आधीच पाठवा, म्हणजे कोणतं इंजिन सोबत घ्यायचं ते त्याला घरूनच ठरवता येईल.