लोगोचा प्रकार निवडताना या चुका टाळा

"लोगो करायचाय" म्हणत येणारा माणूस मोबाइलमध्ये पाच-सहा स्क्रीनशॉट घेऊनच येतो. त्यांत नाइकीची ती वळणदार खूण हमखास असते. "असंच, एकदम साधं. नाव नको, नुसतं चिन्ह." व्यवसाय नवा, नाव अजून कुणाच्या तोंडी बसलेलं नाही, आणि नेमकं तेच गाळायचं! मी सर्वाधिक वेळा पाहिलेली चूक हीच.

नाइकीचं चिन्ह कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने १९७१ साली काढलं. लोगोतून नाव उतरलं १९९५ मध्ये. मधली चोवीस वर्षं नाव आणि चिन्ह लोकांच्या डोळ्यांसमोर एकत्र फिरत होतं. स्टारबक्सने अक्षरं काढली २०११ मध्ये. मास्टरकार्डने २०१९ मध्ये, तेही त्या दोन वर्तुळांना पन्नासहून जास्त वर्षं लोटल्यावर. चिन्ह पाहून नाव आठवावं लागतं. नाव ठाऊकच नसेल तर आठवणार काय? म्हणून सुरुवातीला चिन्ह आणि नाव शेजारी असलेला जोड-लोगो घ्या. फक्त दोन्ही भाग पुढे सुटे करता येतील, असा तो बांधून घ्या.

मुळात चिन्ह हवंच, असंही नाही. नाव छोटं आणि वेगळं असेल तर नुसत्या अक्षरांचा वर्डमार्क पुरतो. सोनी आणि कॅनन त्यावरच उभे आहेत. मी कुठलंही सॉफ्टवेअर उघडण्याआधी नाव साध्या काळ्या टायपात छापून भिंतीला लावते आणि दोन दिवस येता-जाता बघते. अर्ध्या वेळा तिथेच उत्तर सापडतं. नाव देवनागरीत असेल तर वेलांट्या, मात्रा, उकार नीट बघा. शिरोरेघेच्या वर आणि अक्षराच्या खाली त्यांना जागा द्यावी लागते, त्यामुळे तेवढ्याच उंचीत मूळ अक्षर बारीक होतं.

आद्याक्षरांच्या लेटरमार्कचीही अशीच घाई होते. इंटरनॅशनल बिझनेस मशीन्स हे नाव १९२४ चं, आणि लोगोत नुसती 'आयबीएम' ही अक्षरं आली १९४७ मध्ये. नाव लांबलचक असेल आणि लोक आपणहून त्याचं लघुरूप म्हणू लागले असतील, तरच या वाटेला जा.

मॅस्कॉट, म्हणजे व्यवसायाची ओळख बनणारं चित्रातलं पात्र, हवा असेल तर तो वर्षानुवर्षं वेगवेगळ्या हालचालींत कोण काढणार, ते आधी ठरवा. दंतवैद्याच्या लोगोत दात आणि बिल्डरच्या लोगोत घर काढणं सोडा. अमूर्त आकाराचा अर्थ दर वेळी समजावून सांगावा लागत असेल तर तोही सोडा. आणि पाच मिनिटांत लोगो देणारी साधनं? त्यांतलं तयार चित्र तुमच्यासारखंच आणखी कुणीही उचलू शकतं. मग ट्रेडमार्कसाठी अर्ज करताना अडचण येते. ज्याला लोगोसाठी आठवडाभर थांबवत नाही, त्याने तो सध्या करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता एम्ब्लेम, म्हणजे शिक्क्यासारखा बंदिस्त लोगो. यंत्रदुरुस्तीचा व्यवसाय असलेल्या एका ग्राहकांना तोच हवा होता. कडेने चार शब्दांचं नाव, मध्ये गिअर, त्यावर पाना, खाली स्थापनेचं साल. तो कुठे कुठे लागणार आहे, हे मी विचारलं नाही, आणि ती चूक माझी. स्क्रीनवर भारदस्त दिसला, लगेच मंजूर झाला. मग कामगारांच्या शर्टांवर भरतकाम करायचं ठरलं. छातीवर जागा सात सेंटिमीटर, त्यात कडेच्या अक्षरांची उंची जेमतेम तीन मिलिमीटर. नमुना हातात आला तेव्हा 'घ' आणि 'ध' एकसारखे दिसत होते, अनुस्वार दोऱ्यात बुडाला होता, आणि गिअरच्या दातांचा एक करडा गोळा झाला होता. भरतकाम करणाऱ्या काकांनी पट्टी लावून दाखवलं: "ताई, पाच मिलिमीटरच्या खाली अक्षर उठत नाही."

ॲपलचा १९७६ चा पहिला लोगोही असाच होता: झाडाखाली बसलेला न्यूटन आणि चौकटीवर फिरवलेली अक्षरं. पुढच्याच वर्षी त्याच्या जागी रॉब जॅनॉफ यांचं सफरचंद आलं.

आम्ही शिक्का फक्त प्रमाणपत्रांपुरता ठेवला. शर्टासाठी मोजक्या जाड दातांचा गिअर सुटा काढला आणि नाव शेजारी सरळ ओळीत घेतलं. तेव्हापासून लोगो कुठे कुठे लागणार याची यादी मी ग्राहकांकडून त्यांच्याच अक्षरात लिहून घेते. एम्ब्लेम मागितला, तर मंजुरीआधी तो तीन रूपांत त्यांच्या हातात देते: ब्राउझरच्या टॅबवर सोळा पिक्सेलचा, कागदावर दोन सेंटिमीटरचा नुसता काळा, आणि कापडावर भरलेला.