शब्दकोशाचा खेळ: डाव बिघडवणाऱ्या या चुका टाळा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे दुपारी घराबाहेर पडायची सोय नसते. पारा पंचेचाळिशीला टेकलेला, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या लेकी, सुरत-पुण्याहून सुटीला आलेली पोरं आणि पत्ते कुटून कुटून सगळ्यांना आलेला कंटाळा. अशा घरात शब्दकोशाचा खेळ मांडावा. कागद, पेनं आणि एक जाडजूड कोश एवढ्यावर भागतं, आणि आजीपासून आठवीतल्या भाचीपर्यंत सगळे एका सतरंजीवर येतात. मला हा खेळ मनापासून आवडतो. म्हणून तो कसाबसा मांडून दुसऱ्याच फेरीत गुंडाळलेला पाहिला की वाईट वाटतं. बहुतेक वेळा दोष खेळाचा नसतो, मांडणीचा असतो.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एकजण 'वाचक' होतो. तो कोशातून कोणालाच ठाऊक नसलेला शब्द काढतो आणि त्याचा खरा अर्थ एका चिठ्ठीवर लिहितो. बाकीचे आपापल्या चिठ्ठीवर मनाने रचलेला, पण खरा वाटेल असा अर्थ लिहून देतात. वाचक सगळ्या चिठ्ठ्या मिसळून वाचतो आणि खरा अर्थ कोणता यावर मतं पडतात. खरा ओळखला तर दोन गुण, आपल्या थापेला भुललेल्या प्रत्येक माणसामागे एक गुण, आणि कोणालाच ओळखता आला नाही तर वाचकाला तीन. मग वाचकाची पाळी पुढच्याकडे. इंग्रजीत हा खेळ 'डिक्शनरी' किंवा 'फिक्शनरी' या नावाने घरोघरी चालत आला आहे. १९८४ मध्ये कॅनडात 'बाल्डरडॅश' या नावाने त्याचा डब्यातला खेळ निघाला. मराठीत डबा नाही, पण कोश आहेत आणि ते पुरेसे आहेत.

शब्द चुकला की फेरी गेली

सगळ्यात जास्त डाव इथे बिघडतात. वाचक कोश उघडतो, भारदस्त दिसणारा एखादा संस्कृत शब्द उचलतो, आणि दहावीला संस्कृत घेतलेला पोरगा त्याची फोड करून मोकळा होतो. 'वातायन' घ्या. वात म्हणजे वारा, अयन म्हणजे वाट, म्हणजे खिडकी. झाली फेरी. सामासिक शब्द स्वतःचा अर्थ स्वतःच सांगून टाकतो, त्यामुळे तो या खेळाच्या कामाचा नाही.

दुसरी चूक म्हणजे समोर कोण बसलंय ते न बघता शब्द काढणं. घरात कचेरीतून निवृत्त झालेले नाना असतील तर 'तसलमात' आणि 'रुजुवात' हे शब्द वाया गेले समजा. उचल म्हणून दिलेली आणि पुढे हिशेब द्यावा लागणारी रक्कम म्हणजे तसलमात, हिशेब ताडून पाहणं म्हणजे रुजुवात. त्यांचा जन्म त्यातच गेला. शेतकऱ्याच्या घरात 'चाडं' विचारलंत तर पाभरीवर बी सोडायचं ते भांडं, हे उत्तर तुमचं वाचून व्हायच्या आत येईल. तेच शब्द पुण्याच्या भाच्यांसमोर अप्रतिम चालतात. त्यामुळे कचेरीवाल्यांना शेतातले शब्द द्या आणि शेतवाल्यांना दफ्तरातले.

खानदेशात बसून खेळणाऱ्यांसाठी माझा आवडता उपाय म्हणजे समुद्र. आपल्याला तापी आहे, गिरणा आहे, पण खाडी नाही. कोकणातले शब्द इथे कोरे करकरीत असतात: किनाऱ्यावरून बऱ्याच जणांनी मिळून ओढायचं मोठं जाळं म्हणजे 'रापण', भरतीचं खारं पाणी शिरणारी जमीन म्हणजे 'खाजण', भाताचं रोप टाकण्याआधी पालापाचोळा पसरून जमीन भाजणं म्हणजे 'भाजावळ'. मालवणकडची सून घरात असेल तर मात्र त्या फेरीपुरतं तिलाच वाचक करा.

याहून सरस एक जात आहे: अर्धवट ओळखीचे शब्द. 'रक्ताच्या थारोळ्यात' हे सगळ्यांनी बातम्यांत वाचलेलं असतं, पण थारोळं म्हणजे मुळात काय? विहिरीच्या तोंडाशी मोटेचं पाणी जिथे पडतं तो खळगा. 'पासंगालाही पुरणार नाही' हे सगळे म्हणतात. तागडीची दोन पारडी समतोल व्हावीत म्हणून हलक्या बाजूला लावलेलं वजन म्हणजे पासंग, हे ऐकून तरुण मंडळी चकित होतात. अशा शब्दाला जो तो आत्मविश्वासाने लिहितो, आणि थापा फार खऱ्या उतरतात. मोट पाहिलेले आबा बसलेले असतील तर थारोळं नको, एवढं भान ठेवा.

'एक प्रकारचं झाड', 'एक जातीचा मासा' असे अर्थ असलेले शब्द सरळ वगळा. कोशात ते पानोपानी आहेत, आणि त्यातून काहीच घडत नाही.

शब्द जाहीर केल्यावर लिहायला लागण्याआधी एकदा विचारून घ्या, "कोणाला ठाऊक आहे?" आजी "माले माहीत शे!" म्हणाली की तिने अर्थ वाचकाच्या कानात सांगायचा. बरोबर निघाला तर तिला तीन गुण आणि शब्द बदलायचा.

खरी चिठ्ठी ओळखू येते

"आमच्याकडे सगळे दर वेळी खरा अर्थ ओळखतात" ही तक्रार मी फार ऐकतो. शब्द चांगला असतो, थापाही बऱ्या असतात, तरी बिंग फुटतं. कारण जवळजवळ नेहमी एकच: वाचकाने कोशातला मजकूर जसाच्या तसा उतरवलेला असतो.

आपले मोठे कोश जुने आहेत. दाते-कर्वे यांच्या संपादनाखालचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत निघाला. त्यात 'थारोळें', 'असें', 'जें' अशी अनुस्वारांची जुनी लेखनपद्धत आहे, पुढे कंसात व्युत्पत्ती, ओव्यांचे दाखले, पु., स्त्री., न. असे संक्षेप. बाकीच्या चिठ्ठ्या आजच्या मराठीत, आणि मध्येच एक चिठ्ठी 'ज्यांत पाणी सांठतें तें' असं बोलू लागली की आठवीतली भाचीसुद्धा बोट ठेवते. मोल्सवर्थचा कोश वापरत असाल तर अर्थ इंग्रजीत आहे. १८३१ चा तो कोश, १८५७ ची दुसरी आवृत्ती. मजकूर मौल्यवान, पण घाईघाईत केलेला अनुवाद चिठ्ठीवर लगेच कळतो. (हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात, त्यामुळे घरात प्रत नाही ही अडचण उरलेली नाही.)

उपाय सोपा आहे. वाचकाने अर्थ वाचावा, कोश मिटावा आणि आठवेल तसा आजच्या भाषेत एका वाक्यात लिहावा. कागद सगळ्यांचा एकाच वहीतला, पेन एकाच रंगाचं. बाकीच्यांनीही थोडा कोशाचा सूर धरावा. 'म्हणजे ते असतं ना, ते' असं न लिहिता 'अमुक करण्यासाठी वापरायचा दोर' असं लिहावं.

मराठीत आणखी एक फट असते, लिंगाची. शब्द 'कडोसरी' असेल आणि कोणी 'कमरेला खोचायचा चाकू' लिहिलं तर वाचताना खटकतं; कोशाने तिथे बहुधा सुरी म्हटलं असतं. म्हणून वाचकाने शब्दाबरोबरच 'स्त्रीलिंगी नाम' किंवा 'क्रियापद' हे सांगून टाकावं. (कडोसरी म्हणजे धोतराचा किंवा लुगड्याचा कमरेशी खोचलेला भाग, ज्यात पैसे ठेवत.)

थाप कशी लिहू नये

एक फेरी जवळून पाहू. शब्द 'वायंगण'. जमलेल्या चिठ्ठ्या अशा:

घराच्या मागची, परसाला लागून असलेली मोकळी जागा.
वांग्याची काटेरी रानजात.
पावसाआधी हवेत येणारा कोंदटपणा.
नवरदेवाचे जोडे लपवणाऱ्या मेहुणीने उडवलेले पैसे सासूने परत मागणे.
भाताचं पहिलं पीक निघाल्यावर त्याच जमिनीत घेतलेलं दुसरं पीक.

चौथ्या चिठ्ठीला हशा मिळतो आणि मत एकही मिळत नाही. नव्या खेळाडूंची ही नेहमीची चूक: ते हसवायला लिहितात. एखादी फेरी तशी गेली तर हरकत नाही, पण सगळेच तसं लिहू लागले की खरा अर्थ एकटा उघडा पडतो.

दुसऱ्या चिठ्ठीने 'वायंगण'मधून 'वांगं' ऐकलं. कल्पना वाईट नव्हती, पण यावल-रावेरकडच्या घरात वांग्याबद्दल थाप मारू नये. भरताच्या वांग्याची नस न् नस ज्यांना ठाऊक आहे ते अशी जात नाही हे लगेच सांगतात. समोरची माणसं ज्यात मुरलेली आहेत तो विषय टाळायचा.

पहिलीने 'अंगण' ऐकलं आणि तिसरीने 'वायू'. दोन्हींनी आवाजाचा धागा धरला, पण शब्दाला अगदी चिकटून न राहता दोन पावलं बाजूला गेल्या. मतं त्यांच्याकडेच वळतात. आणि पाचवी, म्हणजे खरी, कपाशी-केळीवाल्यांना परकी वाटून मागे पडते.

आवाजाचा धागा थोडा धरावा, वाक्य लहान ठेवावं, आणि एक नेमका तपशील घालावा. 'एक भांडं' यापेक्षा 'तूप कढवायचं काठाचं भांडं' लवकर पटतं. दोन-तीन तपशील घातले की मात्र संशय येतो.

वाचताना

वाचकाने सगळ्या चिठ्ठ्या आधी मनातल्या मनात वाचून घ्याव्यात. अक्षर लागलं नाही तर लिहिणाऱ्याला सगळ्यांदेखत "हे काय लिहिलंय?" असं विचारायचं नाही, तिथेच थाप कोणाची ते कळतं. जो अर्थ अडखळत वाचला जातो तो खोटा, असा अंदाज लोक लगेच बांधतात. सगळे अर्थ दोनदा वाचा, हसू आलं तर थांबा आणि पुन्हा सुरुवातीपासून घ्या. खरी चिठ्ठी नेहमी मधोमध ठेवायची सवय असेल तर ती मोडा.

मतं एकदम घ्या. एक-दोन-तीन म्हणून सगळ्यांनी बोटांनी आकडा दाखवायचा. एकेकाला विचारत गेलात तर घरातला हुशार समजला जाणारा माणूस जिकडे जातो तिकडे सगळे जातात, आणि खेळ त्याचाच होऊन बसतो.

मोबाईल एका टोपलीत. यावर चर्चा नको.

भांडणं कुठे होतात

दोघांनी जवळजवळ तोच खोटा अर्थ लिहिला तर एकच वाचा आणि मिळालेले गुण दोघांना द्या. कोणाचा खोटा म्हणून लिहिलेला अर्थ खऱ्याच्या जवळ गेला तर ती चिठ्ठी गुपचूप बाजूला काढा, फेरी संपल्यावर त्याला तीन गुण द्या. 'जवळ' म्हणजे किती, हे वाचकानेच ठरवायचं आणि त्यावर अपील नाही, हे पहिल्या फेरीआधी सांगून ठेवा.

खरा वाद होतो तो अनेक अर्थांच्या शब्दांवरून. 'फड' घ्या. तमाशाचा फड, कुस्तीचा फड, उसाचा फड. आणि धुळे जिल्ह्यातल्या पांझराकाठच्या माणसाला विचारा, तो फड पद्धत सांगेल. बंधाऱ्याखालची जमीन मोठ्या तुकड्यांत वाटायची, एका तुकड्यात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाणी पाळीने द्यायचं, त्यातला तो तुकडा म्हणजे फड. यातला 'खरा' कोणता? अशा शब्दावर फेरी घेतलीत तर भांडण अटळ. एकच ठळक अर्थ असलेला शब्द घ्या. तरीही कोशात दोन अर्थ निघाले तर पहिल्या क्रमांकाचा खरा धरायचा, हा नियम आधीच करा.

ज्यांना लिहायचं नाही

म्हाताऱ्या माणसांना चिठ्ठी लिहायला लावून अवघडून टाकू नका. त्यांच्यासाठी तोंडी प्रकार चांगला आहे. बीबीसीवर १९६५ पासून 'कॉल माय ब्लफ' हा कार्यक्रम याच धर्तीवर चालायचा: एका संघातले तिघे एकाच शब्दाचे तीन अर्थ सांगायचे, त्यातला एकच खरा, आणि समोरच्या संघाने तो ओळखायचा. आपल्याकडे एका बाजूला आजी, मामा आणि एक पोरगं बसवा. आजी थाप मारायला लागली की समोरच्यांना ती ओळखणं महाकठीण जातं, कारण तिच्या तोंडून आलेलं खोटं वाटतच नाही. लहान मुलांना मोठ्यांच्या जोडीला द्या. एकट्या मुलाला चार फेऱ्या गुण मिळाले नाहीत की ते उठून जातं.

अहिराणीची फेरी

आपल्या खानदेशी बोलीची ही फेरी खेळाच… पण जपून. सुरत-पुण्याच्या पोरांना 'आंडेर' विचारा, निम्मे अंड्यांबद्दल लिहितील. आंडेर म्हणजे मुलगी आणि आंडोर म्हणजे मुलगा हे कळल्यावर त्यांना जो आनंद होतो तो बघण्यासारखा असतो. इथली नेहमीची चूक म्हणजे उच्चार बदललेला मराठी शब्दच अवघड समजून काढणं. अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो, शाळेची 'शाया' होते, डोळ्याचा 'डोया'. हे गमक एकदा कळलं की असे शब्द कोणीही सोडवतो. घडणच वेगळी असलेला शब्द घ्या.

दुसरी अडचण खऱ्या अर्थाची. गावागणिक बोली बदलते. चाळीसगावकडची मावशी एक सांगते, शिरपूरची काकू दुसरंच, आणि लेवा घरातल्या वहिनींच्या बोलीत तो शब्दच नसतो. शब्द कोशातला नसेल तर खेळ सुरू होण्याआधी दोन जाणत्या बायकांना वेगवेगळं विचारा आणि दोघींचा अर्थ जुळला तरच तो घ्या. दोघीही त्या फेरीत मत देणार नाहीत; एकीला वाचक करा, दुसरीला गुण लिहायला बसवा. अर्थ जुळला नाही तर शब्द वहीत टिपून ठेवा, कोणत्या गावात काय म्हणतात त्यासह, आणि पुढच्या सुटीत तिसऱ्या गावचं माणूस भेटलं की विचारा.