गावात ‘चोमन दुडी’ दाखवायचा असेल तर

आमचं गाव उदगीरच्या पुढं, कर्नाटकाच्या शिवेला. म्हाताऱ्यांना बाजारापुरतं कन्नड येतं, म्हणून शेतकऱ्यांवरचे कन्नड सिनेमे मी गावात दाखवतो. सुरुवात बी. व्ही. कारंथांच्या १९७५ च्या ‘चोमन दुडी’नं, म्हणजे ‘चोमाचा ढोल’नं करा.

आधी थोडक्यात सांगा: चोमा दलित वेठबिगार. बैलजोडी आहे, पण त्याच्या जातीनं स्वतःचं शेत कसायचं नाही, अशी रीत. कर्जापायी पोरं कॉफीच्या मळ्यात राबतात. ‘वेठबिगार’ शब्द पुस्तकी वाटतो; उचल घेतलेला सालगडी म्हणा, लगेच कळतं. शेवट मात्र सांगू नका.

सिनेमा काळा-पांढरा आहे, पूर्ण अंधार पडल्याशिवाय लावू नका. पैसे पडद्यापेक्षा आवाजावर खर्च करा. चोमा दुःख बोलून दाखवत नाही, दुडी वाजवतो. फाटक्या स्पीकरमधून ती आली की सगळं गेलं. दुडी चालू असताना मराठीत सांगणाऱ्यानं गप्प राहावं. आणि ज्यांच्या घरात हलगी आहे, त्यांना पुढं बसवा. मागं नाही, पुढं.

सावकारीवरचा ‘भूतय्यन मग अय्यु’ (१९७४) पुढच्या आठवड्यात. एका रात्रीत दोन नकोत.

संपल्यावर लगेच दिवे लावू नका, भाषण तर ठेवूच नका. आमच्याकडं एक सालगडी उठला, त्यानं आधी बैलांचं विचारलं. मग रात्री बारापर्यंत उचलीचेच हिशेब निघत राहिले.