लिनक्स सर्व्हरची डिस्क वाढवताना एरर आला तर: नव्यानं कामाला लागणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात सिस्टीम ॲडमिनचं काम म्हणजे बहुतेक वेळा गोकुळ शिरगाव नाहीतर शिरोलीच्या एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याचा सर्व्हर. नेटवर्क, बॅकअप, डिस्क, सगळं एकाच माणसाच्या गळ्यात. शिकून आलेल्या मुलांना कमांड पाठ असतात, पण पार्टिशनवर पहिला एरर आला की धीर सुटतो. मग एरर न वाचताच नेटवर सापडलेली पुढची कमांड चिकटवली जाते आणि खरं नुकसान तिथं होतं.

एरर कुठल्या थरावरचा आहे हे आधी ठरवा. खाली डिस्क, तिच्यावर पार्टिशन टेबल आणि पार्टिशन, असेल तर एलव्हीएम (डिस्कची जागा लवचिकपणे वाटून देणारा थर), त्यावर फाइली मांडून ठेवणारी फाइलसिस्टीम, सगळ्यात वर माउंट, म्हणजे ती एखाद्या फोल्डरला जोडणं. 'एलएसबीएलके -एफ' चालवलं की कुठल्या पार्टिशनवर कुठली फाइलसिस्टीम आहे आणि ती कुठं माउंट आहे, ते एका स्क्रीनवर दिसतं.

एका फाउंड्रीच्या व्हर्च्युअल सर्व्हरची ईआरपीची डिस्क १०० जीबीवरून २०० केली होती. वापरलेली आणि मोकळी जागा सांगणारं 'डीएफ' मात्र जुनाच आकडा दाखवत होतं. कामावर नवा मुलगा होता. त्यानं 'ग्रोपार्ट'नं पार्टिशन वाढवलं. (इथं डिस्कचं नाव 'एसडीबी' आणि पार्टिशनचा नंबर '१' यांच्यात जागा सोडायची, जोडून लिहिलं तर कमांड चालत नाही.) पुढं फाइलसिस्टीम वाढवायला 'रिसाइझटूएफएस' चालवलं तर उत्तर आलं, 'बॅड मॅजिक नंबर इन सुपर-ब्लॉक'.

त्याचा फोन आला, "सर, डिस्क गेली वाटतंय. एफएससीके मारू का?" (एफएससीके म्हणजे फाइलसिस्टीम तपासून दुरुस्त करणारी कमांड.)

"काही मारू नकोस. एलएसबीएलके -एफ चा फोटो पाठव आधी."

फोटोत स्पष्ट दिसत होतं: एक्सएफएस. डिस्क ठणठणीत होती. 'रिसाइझटूएफएस' फक्त ईएक्सटी२, ३ आणि ४ ओळखतं. समोर दुसरी फाइलसिस्टीम आली की ते हेच वाक्य फेकतं. २०१४ मध्ये आलेल्या रेड हॅट ७ पासून तिथं एक्सएफएस डीफॉल्ट आहे, उबंटूवर मात्र ईएक्सटी४, म्हणून उबंटूवर हात बसलेली मुलं नेमकी इथं अडखळतात. 'एक्सएफएस_ग्रोएफएस'ला माउंट पॉइंट दिला आणि चालू सर्व्हरवरच जागा वाढली. एक्सएफएस वाढवता येते, पण पुन्हा लहान करता येईल असं धरून चालू नका. जागा देताना विचार करूनच द्या.

'ग्रोपार्ट'नं 'नोचेंज' म्हटलं तर बहुधा डिस्क वाढल्याचं कर्नलला अजून कळलेलं नसतं. डिस्क रीस्कॅन करा. २ टीबीच्या पुढची जागा घेता येत नसेल तर पार्टिशन टेबल जुन्या एमबीआर प्रकारचं आहे का बघा, तिथं नव्या प्रकारचं जीपीटीच लागतं.

डिस्क अनमाउंट करताना 'टार्गेट इज बिझी' आला की 'फ्यूजर -व्हीएम' लावून कोण बसलंय ते शोधा. पुष्कळदा कुणाचं तरी टर्मिनल त्याच फोल्डरमध्ये उघडं असतं. 'यूमाउंट -एल'चा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. फोल्डर दिसेनासा होतो, पण प्रोसेस डिस्कला धरूनच असते.

'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' फसवा आहे. जागा शिल्लक असूनही तो आला तर 'डीएफ -आय' बघा, बारीकसारीक फाइलींनी आयनोड (प्रत्येक फाइलीमागे लागणारी नोंद) संपवलेले असतात. उलट, मोठा लॉग डिलीट करूनही जागा सुटत नसेल तर 'एलएसओएफ +एल१' लावा. ज्या सर्व्हिसनं ती फाइल उघडी धरलीय, ती रीस्टार्ट केली की जागा मोकळी.

आता 'एफस्टॅब', म्हणजे सुरू होताना काय कुठं माउंट करायचं ते सर्व्हरला सांगणारी फाइल, जिची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. त्यातली चूक लगेच दिसत नाही, पुढच्या रीबूटला दिसते: सर्व्हर इमर्जन्सी मोडला जाऊन थांबतो आणि रिमोटनं आत शिरता येत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद होता. अशा वेळी लाइट गेली, यूपीएस संपला आणि सर्व्हर असा अडकला तर तिथं पोचणार कसं? म्हणून डिस्कच्या नावाऐवजी यूयूआयडी (फाइलसिस्टीमचा स्वतःचा ओळखक्रमांक) लिहा, डेटाच्या डिस्कला 'नोफेल' लावा, म्हणजे ती सापडली नाही तरी सर्व्हर सुरू होतो, आणि सेव्ह केल्यावर 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' आणि 'माउंट -ए' चालवल्याशिवाय उठू नका.

पार्टिशनला हात लावण्याआधी बॅकअप तर हवाच, शिवाय 'एसएफडिस्क -डी'नं टेबलाची नक्कल घ्या. तिच्यात डेटा नसतो, फक्त पार्टिशनची आखणी असते, पण टेबल बिघडलं तर तीच परत बसवता येते. ही फाइल त्याच सर्व्हरवर नको, दुसऱ्या मशीनवर ठेवा.