कैरोला जाताय? आधी सुट्टे पैसे, बाकी सगळं नंतर

पासपोर्ट, विसा, औषधं हे सांगत बसत नाही, ते तुम्ही घेणारच. उन्हाळ्यात जाऊ नका, ऑक्टोबर ते मार्च बरं. आता मुद्द्याचं, सुट्टे पैसे. तिकडे त्याला फक्का म्हणतात आणि मागच्या वेळी माझ्याकडे तोच नव्हता. एटीएममधून पैसे काढले, सगळ्या २०० पाउंडांच्या नोटा, म्हणजे तिथली सगळ्यात मोठी नोट, आणि तशाच पाकिटात कोंबून निघालो. इब्न तुलून मशिदीच्या दारात एका आजोबांनी खाली वाकून माझ्या बुटांवर कापडी खोळी चढवल्या, नाड्या नीट बांधून दिल्या. निघताना बक्षिशी द्यायला पाकीट उघडलं तर २००, २००, २००. "माफीश फक्का" म्हणाले, सुट्टे नाहीत, आणि हातानेच जा म्हणून खुणावलं. फार वाईट वाटलं हो, अशा माणसांना त्या दहा-वीस पाउंडांचाच आधार असतो.

म्हणून पहिल्याच दिवशी नोटा मोडा. हॉटेलचं रिसेप्शन, मोठं सुपरमार्केट, कुठेही मागा, लाजू नका. ५, १०, २०च्या नोटा वेगळ्या खिशात. टॉयलेटला लागतात, चहाला लागतात, मायक्रोबसमध्ये, म्हणजे तिथल्या शेअर व्हॅनमध्ये, तर लागतातच, कारण तिथे पैसे मागून पुढे हातोहात ड्रायव्हरपर्यंत जातात आणि त्यात २००ची नोट आली की अख्खी गाडी हिशोब करत बसते. सुट्टे संपत आले की परत मोडा, संपेपर्यंत थांबू नका!

पिरॅमिडसारख्या मोठ्या ठिकाणी मात्र उलटं, तिकीट कार्डावरच. कार्डाचा परदेशातला वापर इथूनच चालू करून जा.

म्युझियमचा घोळ घालू नका. तुतनखामुनचा खजिना आता गिझाच्या नव्या ग्रँड इजिप्शियन म्युझियममध्ये, २२ राजेराण्यांच्या ममी २०२१ पासून कैरोच्याच फुस्तात भागातल्या म्युझियममध्ये, आणि तहरीर चौकातलं जुनं ते तिसरं. एका दिवसात तिन्ही होत नाहीत.

खायला पोट रिकामं ठेवून जा. कोशरी म्हणजे भात, मसूर, मॅकरोनी, वर छोले, टोमॅटोचा रस्सा आणि कुरकुरीत तळलेला कांदा. लसूण-व्हिनेगरचं पाणी सढळ हाताने घाला, शत्ता म्हणजे लाल मिरचीचा सॉस मात्र थेंबथेंब, तिखट आहे. शाकाहारी माणसाची कोशरी, फूल (शिजवलेला बाकला) आणि तामेया (तिथलं फलाफल) यांवर मजेत सोय होते, तामेया छोल्यांचा नसतो, बाकल्याच्या डाळीचा असतो, आतून हिरवागार. मुलुखिया दिसते पालेभाजी पण बहुतेक वेळा कोंबडीच्या नाहीतर सशाच्या रश्श्यात शिजवतात, विचारून घ्या.

जुन्या कैरोतला मुइझ रस्ता संध्याकाळी, बाब अल-फुतूह या वेशीपासून बाब झुवेला या वेशीपर्यंत चालत. शुक्रवारी दुपारी नमाज असते, मशिदी तेव्हा नको. बायकांनी ओढणी, मेट्रोत त्यांना वेगळे डबे आहेत. बूट जुने. आणि रोज सकाळी निघताना खिसा चाचपा, दहा-वीसच्या नोटा आहेत ना?