ब्रेनस्टेमचा स्ट्रोक: आधी नस शोधा, मग कारण

न्यूरोलॉजीत नवीन आलेले रेसिडेंट डॉक्टर आधी स्कॅन उघडतात आणि पेशंटला नंतर बघतात. ब्रेनस्टेमच्या, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू जोडणाऱ्या देठाच्या, बाबतीत हे अंगाशी येतं. तिथे कवटीचं हाड जाड असल्याने सीटी नीट वाचता येत नाही. एमआरआयसुद्धा पहिल्या दिवशी कधी कधी चक्क साफ येतो. म्हणून माझ्या हाताखाली शिकायचं तर कागद-पेन्सिलपासून सुरुवात.

खालून वर चित्र काढा. ब्रेनस्टेमचे तीन मजले: खाली मेड्युला, मधे पॉन्स, वर मिडब्रेन. मानेच्या मणक्यांच्या भोकांतून वर चढणाऱ्या दोन व्हर्टिब्रल धमन्या. कवटीत शिरल्यावर मेड्युला आणि पॉन्सच्या सीमेवर त्या एकत्र येतात आणि बॅसिलर धमनी तयार होते. ती पॉन्सच्या पुढच्या अंगाने वर जाते आणि मिडब्रेनपाशी दुभंगते. आता फांद्या. व्हर्टिब्रलमधून पायका (लहान मेंदूची खालची-मागची धमनी), बॅसिलरच्या खालच्या भागातून आयका (खालची-पुढची), वरच्या टोकाजवळून सुपीरियर सेरेबेलर (वरची). या तिन्ही वळसा घालून मागे लहान मेंदूकडे जातात आणि जाता जाता ब्रेनस्टेमची बाजू पोसतात. मधल्या भागाला रक्त मिळतं ते बॅसिलरमधून सरळ आत घुसणाऱ्या केसाएवढ्या फांद्यांतून. मेड्युलात हेच काम व्हर्टिब्रल आणि तिच्यापासून निघणारी पुढची स्पायनल धमनी करते. या बारीक रेघा काढायला हटकून विसरतात, आणि खरी गोम तिथेच असते.

चित्र झालं की पेशंटकडे जा आणि दोनच प्रश्न घ्या: इजा मधे आहे की बाजूला, आणि कोणत्या मजल्यावर?

हात-पाय लुळे पडले असतील तर मधला भाग, कारण हालचालीचे तंतू तिथून उतरतात. तोल गेलाय, दुखणं आणि गार-गरम कळत नाही, एका डोळ्याची पापणी किंचित उतरलीय, तर बाजूचा. मजला सांगतात क्रेनियल नर्व्ह, म्हणजे मेंदूतून थेट निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्या. तिसरी-चौथी मिडब्रेन, पाचवी ते आठवी पॉन्स, नववी ते बारावी मेड्युला. न्यूरोलॉजिस्ट पीटर गेट्स यांनी 2005 मध्ये हे सगळं ‘चारचा नियम’ म्हणून बांधून दिलं. पाठांतराचा कंटाळा असणाऱ्यांनी तो जरूर शिकावा. मीही तोच शिकवते.

सगळ्यात जास्त निसटतो तो मेड्युलाच्या बाजूचा स्ट्रोक, वॉलेनबर्ग सिंड्रोम. पेशंट म्हणतो चक्कर येतेय, उलट्या होतायत, उचकी थांबत नाही. हाताची पकड घट्ट, पाय उचलतो, तोंड वाकडं नाही. झालं, पित्ताचं औषध देऊन घरी! इथे माझा ट्युनिंग फोर्क कामी येतो, कंप तपासायला नव्हे तर थंड धातू म्हणून. तो एका गालाला लावा, मग दुसऱ्या. मग दोन्ही हातांना. उजव्या गालाला गार लागत नाही आणि डाव्या हाताला लागत नाही, असं उलटसुलट उत्तर आलं की इजा उजव्या बाजूला. आता आवाज ऐका, घोगरा झालाय का? उजवी बाहुली डावीपेक्षा लहान आहे का? आणि चालवून बघा. पलंगावर ठणठणीत वाटणारा माणूस उभा केल्यावर एकाच बाजूला कलंडतो. गिळण्याची चाचणी होईपर्यंत मात्र त्याला पाण्याचा घोटही देऊ नका, ठसका लागून ते फुफ्फुसात जातं.

बाकीचे नमुने थोडक्यात. जीभ एका बाजूला वळतेय आणि त्याच्या विरुद्ध हात-पाय लुळे: मेड्युलाचा मधला भाग. चक्करेसोबत एक कान अचानक बंद: आयका, कारण आतल्या कानाची धमनी बहुधा तिच्यातूनच निघते. एक पापणी पूर्ण मिटलेली, डोळा बाहेर वळलेला आणि विरुद्ध अंग लुळं: मिडब्रेन, वेबर सिंड्रोम. चारही हात-पाय हलत नाहीत, वाचा गेलीय, तर बेशुद्ध लिहिण्याआधी ‘वर बघा, खाली बघा’ असं सांगा. बॅसिलर बंद पडलेला माणूस पूर्ण जागा असू शकतो आणि तेवढंच करू शकतो.

आता कारण. पॉन्सच्या मध्यात छोटी इजा असेल तर आधी बीपी आणि साखर बघा; वर्षानुवर्षांच्या बीपीने त्या केसाएवढ्या फांद्यांच्या भिंती जाड होतात. पण इजा पॉन्सच्या पुढच्या पृष्ठभागापर्यंत पोचलेली दिसली, तर बॅसिलरमधल्याच चरबीच्या थराने फांदीचं तोंड बुजवलं असण्याची शक्यता जास्त. तेव्हा अँजिओग्राफी बघितल्याशिवाय ‘छोट्या नसांचा आजार’ लिहून मोकळं होऊ नका. वॉलेनबर्गमध्ये नाव पायकाचं होतं, पण बंद पडलेली बरेचदा व्हर्टिब्रलच असते. पेशंट तरुण असेल तर मानेबद्दल विचारा: काही दिवसांपासून मानेत मागे दुखत होतं का, मानेला झटका बसला होता का, कुणी मान मोडून दिली का? धमनीचा आतला पदर फाटला की तिथे गुठळी होते. आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, पेशंट गाढ बेशुद्ध, बीपी भरमसाट, तर पॉन्समधला रक्तस्राव समजा. इथे गुठळी विरघळवायचं औषध म्हणजे घातच. रक्तस्राव सीटीत दिसतो, त्यामुळे एवढ्यासाठी तरी सीटी आधी हवाच.

गुठळीचा स्ट्रोक असेल तर औषधाची साधारण मर्यादा लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांची. बॅसिलर बंद असेल तर निवडक पेशंटमध्ये नळी घालून गुठळी 24 तासांपर्यंत काढता येते, हे 2022 च्या चाचण्यांनी दाखवलं. तेव्हा उशीर झालाय म्हणून हात झटकू नका, गुठळी काढणाऱ्या टीमला फोन करा.

बॅसिलर वर निमुळती होत जाते, त्यामुळे हृदयातून आलेली गुठळी बरेचदा तिच्या शेंड्याला अडकते. पेशंट अचानक झोपाळलेला, नजर वर-खाली होत नाही, दिसायला कमी, असं चित्र असेल तर नाडी हातात धरून पूर्ण मिनिटभर मोजा. एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित होणं) येतं आणि जातं. एक ईसीजी नॉर्मल आला म्हणून हृदय सुटलं असं नाही, होल्टर (दिवस-रात्र हृदयाचे ठोके नोंदवणारं यंत्र) लावायचाच.