दोन ग्रुपच्या सरासरीची तुलना: वन-टेल्ड टी-टेस्ट कशी करायची आणि कधी करायची नाही

प्रोजेक्टमध्ये दोन ग्रुप असतात, एकाची सरासरी जास्त येते आणि गाईड विचारतात, हा फरक खरा की योगायोग? अशा वेळी टी-टेस्ट लावायची हे सगळ्यांना माहीत असतं, पण वन-टेल्ड (फरक एकाच दिशेला आहे का ते बघणारी) की टू-टेल्ड (दोन्ही दिशांना बघणारी) इथे गाडी अडते. आणि खरं सांगू का, बरेच जण वन-टेल्ड घेतात ते फक्त पी व्हॅल्यू (खरा फरक नसताना एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) अर्धी होते म्हणून.

उदाहरणाला आर सॉफ्टवेअरसोबत येणारा टूथग्रोथ हा डेटा घेऊ, फुकट आहे, तुम्हालाही आकडे ताडून बघता येतील. 60 गिनी पिग, त्यातल्या 30 जणांना व्हिटॅमिन सी संत्र्याच्या रसातून दिलं, 30 जणांना ॲस्कॉर्बिक ॲसिड म्हणून, आणि दात तयार करणाऱ्या पेशींची लांबी मोजली. डोस तीन, रोज 0.5, 1 आणि 2 मिलिग्रॅम.

पायरी 1: डेटा उघडायच्या आधी दिशा लिहून ठेवा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आणि नेमकी हीच लोक गाळतात. तुमचा दावा काय आहे, "रसवाल्यांची सरासरी जास्त आहे" की नुसतं "दोघांत फरक आहे"? पहिला असेल तर वन-टेल्ड, दुसरा असेल तर टू-टेल्ड. पण स्वतःला एक प्रश्न विचारा: निकाल उलटा आला, म्हणजे रसवाले मागे पडले, तर मी ते "काही फरक नाही" म्हणून सोडून देणार का? देणार असाल तरच वन-टेल्ड घ्या. उलटा निकाल आल्यावर "अरे वा, हे पण इंटरेस्टिंग आहे" असं म्हणून तोच छापणार असाल तर गुपचूप टू-टेल्ड करा.

पायरी 2: ग्रुप वेगळे आहेत ना ते बघा

एकाच माणसाचं आधी आणि नंतर असं माप असेल तर पेअर्ड टेस्ट लागते, ते प्रकरण वेगळं. आपल्याकडे प्राणी वेगवेगळे, त्यामुळे इंडिपेंडंट. दोन्हीकडचं स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) सारखं नसेल तर वेल्चची टेस्ट वापरा, म्हणजे दोन्हीकडचा पसारा सारखा न धरणारी टी-टेस्ट, माझं तर मत आहे की नेहमी तीच वापरावी, तोटा जवळपास काहीच नाही. एखादा आकडा फारच बाहेर पडलाय का तेही ग्राफ काढून बघून घ्या.

पायरी 3: टी काढा

रसवाले: सरासरी 20.66, स्टँडर्ड डेव्हिएशन 6.61. ॲसिडवाले: 16.96 आणि 8.27. दोन्ही डेव्हिएशनचा वर्ग करा, प्रत्येकाला 30 ने भागा, बेरीज करा, वर्गमूळ घ्या, 1.93 येतं. सरासरीतला फरक 3.70, त्याला 1.93 ने भागलं की टी 1.92 च्या आसपास. वेल्चच्या सूत्राने डिग्रीज ऑफ फ्रीडम (टी वरून पी काढताना सॉफ्टवेअरला लागणारा आकडा) साधारण 55. (ही टी-टेस्टची कल्पना गॉसेटची, डब्लिनला गिनेस बिअरच्या कारखान्यात काम करायचा, 1908 मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने पेपर छापला, म्हणून स्टुडंट्स टी.)

पायरी 4: पी व्हॅल्यू

आता गंमत बघा. टू-टेल्ड पी 0.061 आणि वन-टेल्ड पी 0.030. म्हणजे 0.05 ची रेघ धरली (पी त्याखाली तर फरक खरा मानायचा) तर एकीकडे नापास, दुसरीकडे पास, आणि डेटा तोच! 0.061 बघून मग "आपण वन-टेल्डच ठरवलं होतं" असं म्हणायचा मोह इथेच होतो. तसं केलं तर फरक नसताना "फरक आहे" म्हणायची तुमची 5 टक्क्यांची चूक प्रत्यक्षात 10 टक्क्यांपर्यंत जाते, कारण निकाल दुसऱ्या बाजूला गेला असता तर तुम्ही तिकडची बाजू धरली असती.

खरा उपाय दुसराच आहे. इथे तिन्ही डोस एकत्र कालवलेत, त्यामुळे पसारा वाढून फरक झाकला गेलाय. फक्त 0.5 चा डोस घेतला तर दोन्हीकडे 10-10 प्राणी, सरासरी 13.23 विरुद्ध 7.98, टी 3.17, टू-टेल्ड पी 0.006. वन-टेल्डची गरजच पडली नाही. अर्थात डोस वेगळे करून बघायचे हेही आधीच ठरवलेलं असावं लागतं.

पायरी 5: सॉफ्टवेअरला दिशा नीट सांगा

आरमध्ये टी-टेस्टच्या कमांडला ऑल्टरनेटिव्ह 'ग्रेटर' असं द्यायचं, मात्र पहिला ग्रुप कोणता धरलाय ते बघा, टूथग्रोथमध्ये रस पहिला येतो. वेल्च तिथे आपोआपच होते. एक्सेलमध्ये टी-टेस्टच्या फंक्शनला टेल्स 1 आणि टाइप 3 द्या. पण एक्सेलला तुमची दिशा माहीतच नसते, ते डोळे मिटून टू-टेल्डची अर्धी करून देतं. 2 मिलिग्रॅमच्या डोसला रसवाल्यांची सरासरी 26.06 आणि ॲसिडवाल्यांची 26.14, म्हणजे आपल्या दाव्याच्या किंचित उलट. एक्सेल पी 0.48 दाखवेल, बरोबर उत्तर 1 मधून ते वजा करून 0.52. इथे दोन्ही नापासच, पण टी मोठा आणि उलट्या दिशेला असेल तर एक्सेल 0.01 दाखवून तुम्हाला खुश करेल आणि खरी पी 0.99 असेल. म्हणून आधी दोन सरासऱ्या शेजारी शेजारी लिहा आणि मगच पी वाचा.

रिपोर्टमध्ये दोन्ही सरासऱ्या, टी, डिग्रीज ऑफ फ्रीडम, पी आणि टेस्ट वन-टेल्ड होती हे स्पष्ट लिहा, का घेतली त्याचं एक वाक्य पण टाका. व्हायवाला पहिला प्रश्न त्यावरच येतो.